१२३४५६७८९८७६५४३२१ : आठवीतल्या मुलाला या संख्येबद्दल काय काय सिद्ध करून दाखवता येईल?

हिशेबनीस_सातपूर

नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे. २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, राष्ट्रीय गणित दिन असतो. त्यानिमित्त शाळेत प्रदर्शन आहे आणि प्रत्येकाने एक तक्ता करून न्यायचा आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पाय (π) किंवा शून्य घेतलं. याने एक अख्खी संख्याच घेतली: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला की ही येते.

त्याने आधी नेहमीच्या पायऱ्या काढल्या. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१, असं करत खालपर्यंत. मॅडमनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, पायऱ्या छान दिसतात, पण असं का होतं ते सांगता आलं पाहिजे. तक्त्यावर जे लिहिशील त्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून मी "कशावरून?" विचारणार. मला ही अट फार आवडली, म्हणून इथे विचारते आहे.

मुलाने गुणाकार चौकटीच्या वहीत हाताने केला. एका चौकटीत एक अंक, नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मी ऑफिसात तोच गुणाकार एक्सेलमध्ये टाकला, तर उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. रकाना रुंद केला, फॉरमॅट बदलला, तरी शेवटचे दोन अंक शून्यच. मोबाइलचा कॅल्क्युलेटर तर पूर्ण संख्या दाखवतच नाही. दिवसभर एक्सेलवरच काम असतं माझं, पण कंपनीच्या हिशेबात सतरा अंकी रक्कम कधी येत नाही, त्यामुळे हे आजवर पाहिलं नव्हतं.

तर एक म्हणजे एक्सेल असं का करतं आणि वहीतलं उत्तरच बरोबर हे मुलाने कसं पटवून द्यावं. दुसरं, या पायऱ्या नऊपाशीच का थांबतात. आणि तिसरं त्याचं स्वतःचं कुतूहल: गणितज्ञ कापरेकर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे, त्यांनी संख्यांचे कितीतरी प्रकार शोधले, मग ही संख्या त्यातल्या कुठल्या प्रकारात बसते? नेटवर या संख्येच्या "चमत्कारांच्या" याद्या खूप सापडल्या, पण कारण कुठेच दिलेलं नाही. आठवीच्या मुलाला झेपेल असं कुणी समजावून सांगेल का?

कोड_नाशिकरोड

एक्सेलचं मी सांगतो. एक्सेल कोणतीही संख्या पंधरा सार्थ अंकांपर्यंतच (म्हणजे डावीकडचे पहिले पंधरा अंक) ठेवतं. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटच्या दोन जागी शून्य येतात. फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत, कारण ते साठवलेलेच नसतात.

गंमत पुढे आहे. हाच गुणाकार ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला दिला तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं. तिथे संख्या दोनाच्या घातांमध्ये साठवतात आणि २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की सलग सगळ्या पूर्ण संख्या ठेवायला जागा पुरत नाही. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या बसतात. तुमची संख्या नेमकी त्या पट्ट्यात आहे आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. पायथन या दुसऱ्या भाषेत पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही, तिथे शेवटी बरोबर ३२१ येतं.

वहीतलं उत्तर बरोबर हे मशीनशिवाय दाखवता येतं. शेवटचे दोन अंक ठरवायला दोन्ही संख्यांचे शेवटचे दोन अंकच लागतात. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, म्हणून उत्तराच्या शेवटी २१ आलंच पाहिजे. ०० आणि २० दोन्ही तिथेच बाद.

देवळाली_फळा

ताई, चिरंजीवांनी निवड उत्तम केली आहे. मी देवळाली कॅम्पात राहतो, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आणि ही संख्या आठवीच्या वर्गात फळ्यावर हमखास काढत असे. म्हणून सविस्तर लिहितो.

वरच्या उत्तरात एक कसोटी जोडतो, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे. नऊ एकांच्या संख्येतल्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे, आणि ९ ने तर जाणारच. वहीतल्या उत्तराच्या अंकांची बेरीज करा: ८१ येते. एक्सेलच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ७८, तिला ९ ने भाग जात नाही. जावास्क्रिप्टची ८०, तिलाही नाही. प्रदर्शनात एक्सेलचं उत्तर छापून तक्त्यावर चिकटवा आणि शेजारी या दोन कसोट्या लिहा. मुलांचा संगणकावर आंधळा विश्वास असतो, आणि आपल्याच वर्गातला एक मुलगा पेन्सिलीने संगणकाचं उत्तर तपासतो हे त्यांनी पाहायला हवं.

आता पायऱ्या. उत्तर त्याच्या वहीतच आहे. नऊ ओळी एकेक घर सरकवून लिहिल्या की उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या रकान्यात नऊ, आणि मग पुन्हा आठ, सात असे उतरत जातात. रामकुंडाच्या दोन बाजूंना समोरासमोर पायऱ्या असाव्यात तशी ही मांडणी दिसते. प्रत्येक रकान्यात १ शिवाय दुसरा अंकच नसल्याने बेरीज म्हणजे रकान्यातल्या १ ची संख्या. सर्वांत उंच रकाना नऊचा, म्हणून कुठेच हातचा येत नाही. या संख्येचं सगळं सौंदर्य "हातचा नाही" एवढ्यावर उभं आहे.

दहा एकांची संख्या घ्या. मधल्या रकान्यात दहा एक आले. शून्य लिहिलं, हातचा १. डावीकडच्या रकान्यात नऊ होते, हातच्यासह दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा १. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ झाले. तिथे थांबलं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ कुठे गेला असं मुलं विचारतात. तो कुठे गेला नाही, हातचा घेऊन ९ झाला. हे मुलाने लोकांसमोर खडूने करून दाखवावं, त्याला दोन मिनिटं पुरतील.

इथे एक गोष्ट नीट पाहा, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. हातचा घेणे म्हणजे एका रकान्यातले दहा काढून डावीकडे एक ठेवणे. अंकांच्या बेरजेतून दहा गेले, एक आला. म्हणजे प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज नऊने कमी होते. नऊची कसोटी चालते ती यामुळेच. दहा एकांच्या वर्गात हातच्यापूर्वी सगळ्या रकान्यांची बेरीज १०० होती (दहा ओळी, प्रत्येकीत दहा एक). दोन हातचे आले, १८ गेले, उरले ८२. वरच्या उत्तरातले अंक मोजून बघा, ८२ च येतात. नऊ एकांच्या वेळी हातचा नव्हता म्हणून ८१ चे ८१ च राहिले.

आता कापरेकर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि १९८६ साली देवळालीतच वारले. विद्यापीठातली जागा नाही, पीएचडी नाही, पण १९७५ साली गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. ६१७४ या कापरेकर स्थिरांकाबद्दल सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यावर मी इथे थांबत नाही. आपल्या संख्येचं त्यांच्याशी थेट नातं आहे.

त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना कल्याण गेल्यावर डोंबिवली लागतं ना, त्या स्टेशनाचं हे जुनं नाव. तिथे त्यांना या संख्या सुचल्या. अशा संख्येचे तीन भाग पडतात: डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक असतो, हवा तितक्या वेळा, आणि डावा व उजवा भाग मिळवले की त्याच अंकाची रांग तयार होते. आपली संख्या तोडा: १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. डावा आणि उजवा मिळवा. १ आणि ८, २ आणि ७, ३ आणि ६, प्रत्येक घरात नऊ: ९९९९९९९९. मध्येही ९. नऊ एकांपर्यंतच्या या वर्गांना कापरेकर अद्भुत डेम्लो संख्या म्हणत. म्हणजे चिरंजीवांनी निवडलेली संख्या खरोखरच एका देवळालीकर मास्तरांनी नाव दिलेल्या कुळातली आहे. तक्त्याचा मथळा इथेच मिळाला.

हर्षद संख्या हाही कापरेकरांचाच प्रकार: ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे आपण वर पाहिलंच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि हाही पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. कारण साधं आहे: १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ एक येतात. (इथेही ८ नाही. त्याचं कारण तेच, हातचा. मुलाला शोधू द्या.)

नऊ पायऱ्यांतल्या सगळ्या संख्या हर्षद आहेत का? नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. जितके एक, तितक्याचा वर्ग ही अंकांची बेरीज. म्हणून भाग जायचा तर मुळातल्या एकांच्या संख्येला एकांच्या मोजणीने भाग गेला पाहिजे. २, ४, ६, ८ बाद, कारण संख्या विषम. ५ बाद, कारण शेवटी १. ७ करून बघावं लागतं, १११११११ ला ७ ने भाग जात नाही. उरल्या १, ३ आणि ९ एकांच्या. दहा एकांचा वर्गही हर्षद नाही, कारण ८२ सम आहे आणि संख्या विषम.

आता कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशी ती असते. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. नऊ एकांची संख्या अशी आहे का? तिच्या वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढा: डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. मूळ संख्या आली नाही, तिची नऊपट आली. म्हणजे नऊ एकांची संख्या कापरेकर संख्या नाही. पण हे "नाही" फार बोलकं आहे. बरोबर नऊपट का यावी? संख्या अशी तोडून मिळवताना डाव्या भागाची किंमत शंभर कोटीपटीवरून एकपटीवर येते, म्हणजे डावा भाग गुणिले ९९९९९९९९९ एवढं वजा होतं. त्यामुळे ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. आणि आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९, बाकी शून्य. मग बेरीजही ९९९९९९९९९ च्या पटीतच हवी, आणि ती दुपटीइतकी मोठी होऊच शकत नाही. दुसरा पर्यायच राहत नाही.

आणि ती नऊपट, ९९९९९९९९९, ही मात्र कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१. डावीकडे ९९९९९९९९८, उजवीकडे १. हा वर्ग आपल्या संख्येच्या ८१ पट आहे.

अवयव पाडायचे असतील तर तीन-तीनचे गट करा. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो, ३३३६६७ उरतो. तेव्हा आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. ३३३६६७ मूळ संख्या आहे, म्हणून विभाजकांची संख्या ५ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ४५. विषम, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे: विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गमूळ एकटं राहतं.

एवढं सगळं तक्त्यावर घालू नका. रकान्यांचं चित्र मोठं काढा, तेच मुख्य. त्याखाली डेम्लोची बेरीज आणि हर्षदचा भागाकार. बाकीचं वहीत असू द्या, कुणी विचारलं तर उघडून दाखवायला.

हिशेबनीस_सातपूर

सर, मनापासून आभार. रात्री दोघं बसलो आणि तुमचं उत्तर ओळीने करून पाहिलं. "प्रत्येक हातच्यामागे नऊ कमी" हे कळल्यावर तो स्वतःच अकरा एकांचा वर्ग घेऊन बसला, हातचे मोजायला.

त्याचे दोन प्रश्न. ३३३६६७ मूळ संख्या आहे हे मॅडमना कसं सांगायचं? त्याने ७, ११, १३ असं भागत जायला सुरुवात केली आहे, पण वर्गमूळ ५७७ च्या पुढे जातं आणि तिथपर्यंत शंभराहून जास्त मूळ संख्या आहेत. दुसरं, त्याने स्वयंभू संख्यांबद्दल वाचलं आहे. ही संख्या स्वयंभू आहे का, हे एवढ्या मोठ्या संख्येसाठी हाताने ठरवता येतं का?

बीएस्सी_शेवटचं_वर्ष

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, दुसरं सरांनीच द्यावं.

सगळ्या मूळ संख्यांनी भागायची गरज नाही. ३३३६६७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल तर ती मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणजे १० च्या नवव्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरते. १० चा कितवा घात घेतला की बाकी पहिल्यांदा १ येते, हा आकडा मग ९ चा विभाजक असला पाहिजे: १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असेल तर ती मूळ संख्या ९९९ ला भागते, म्हणजे ती ३ किंवा ३७. तो ९ असेल तर फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (२ आणि ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येतून १ वजा करून १० चा तितकावा घात घेतला, की त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ उरते) त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ९ ने भाग जातो. मूळ संख्या विषम, म्हणून १८ नेही जातो.

३ बाद, कारण अंकांची बेरीज २८. ३७ ने भागल्यास बाकी १ (३३३६६६ ला ३७ ने पूर्ण भाग जातो, ३३३ आणि ६६६ दोन्ही ३७ च्या पाढ्यात आहेत). मग फक्त १८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा भागाकार, संपलं. १९ ला बाकी ८ येते, ७३ ला ५७, शेवटच्या ५७७ ला १६१. मधले त्याने करावेत. ७, ११, १३ ने भागायची वेळच येत नाही. फर्माचं प्रमेय आठवीत नसतं, पण ते एक वाक्य गृहीत धरलं तर बाकी सगळं त्याचं स्वतःचं आहे.

गोदाकाठ_वाचक

गणितातलं मला फार कळत नाही, पण एक भर घालते. तक्त्यावर संख्या अक्षरी लिहायची असेल तर "एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख" वगैरे करत कोटीच्या कोटीत अडकू नका. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या सतरा अंकी, म्हणून तिचा पहिला १ "मध्य" या स्थानावर पडतो, २ अंत्यावर, ३ जलधीवर आणि मधोमधचा ९ दशकोटीच्या स्थानावर, म्हणजे अर्बुदावर. सतरा अंकांखाली सतरा नावं लिहिली तर दिसायलाही सुरेख दिसेल.

देवळाली_फळा

स्थानांची कल्पना सुंदर आहे, ती जरूर घ्या. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दिलेली सोळांची यादी मी तपासली, बरोबर आहे.

आता स्वयंभू. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ अधिक ६ म्हणजे २१. इथे १५ हा २१ चा जनक. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला कुणीच नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाही, म्हणून २० स्वयंभू. १ ते १०० मध्ये अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. यांना देवळाली संख्या असंही म्हणतात, आणि इथे राहणारा माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

आपल्या संख्येचा जनक शोधायचा. वरवर पाहता कोट्यवधी संख्या तपासाव्या लागतील असं वाटतं. पण जनक सतरा अंकांपेक्षा मोठा असणार नाही, म्हणून त्याच्या अंकांची बेरीज फार तर १५३. म्हणजे जनक आपल्या संख्येच्या मागे १५३ घरांच्या आतच आहे. पुन्हा नऊची कसोटी लावा. जनकाला ९ ने भागून जी बाकी, तीच त्याच्या अंकांच्या बेरजेची; दोन्हींची बेरीज आपली संख्या, जिची बाकी शून्य. बाकीची दुप्पट नऊच्या पटीत आली, म्हणजे बाकी शून्यच. तेव्हा वजा करायचा आकडा नऊच्या पाढ्यातलाच हवा: ९, १८, २७ असे १५३ पर्यंत, एकूण सतरा.

हे सतराही करायला नकोत. १५३ पर्यंत काहीही वजा केलं तरी फक्त शेवटचे तीन अंक, ३२१, बदलतात. पुढचे चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, जसेच्या तसे राहतात आणि त्यांची बेरीज ७५. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ७५ पेक्षा कमी असू शकत नाही, आणि तीन अंकांची भर जास्तीत जास्त २७, म्हणजे १०२ च्या वर जाऊ शकत नाही. नऊच्या पाढ्यातले उरले तीनच: ८१, ९०, ९९.

९९ वजा केले: शेवटी २२२, अंकांची बेरीज ७५ अधिक ६ म्हणजे ८१. ९९ हवी होती, नाही जमलं. ९० वजा केले: शेवटी २३१, बेरीज पुन्हा ८१. नाही. ८१ वजा केले: शेवटी २४०, बेरीज ७५ अधिक ६, ८१. जमलं.

जनक आहे १२३४५६७८९८७६५४२४०, आणि तो एकुलता एक आहे. आपली संख्या स्वयंभू नाही. जनकाच्या अंकांची बेरीज ८१ आणि आपल्या संख्येच्याही अंकांची बेरीज ८१, हे मला फार आवडतं.

हे तक्त्यावर नक्की घ्या. नेटवरच्या याद्यांत ही ओळ मी कधी पाहिली नाही, आणि "कशावरून?" या प्रश्नाला मुलगा तीन वजाबाक्यांत उत्तर देऊ शकेल. त्याला वेळ असेल तर दहा एकांच्या वर्गासाठी हेच करायला सांगा. तिथे अंकांची बेरीज ८२, बाकी १ येते, म्हणून वजा करायचा आकडा नऊच्या पाढ्यातला नसेल. कोणता पाढा लागतो ते त्याने ठरवावं.

हिशेबनीस_सातपूर

सर, त्याने केलं. त्याच्याच शब्दांत टाकते:

"बाकीची दुप्पट केली की बाकी १ यायला हवी, म्हणून जनकाची बाकी ५. पाच दुणे दहा, दहाची बाकी १. म्हणजे वजा करायचा आकडा ५, १४, २३ असा नऊ-नऊने वाढणारा. शेवटचे तीन अंक सोडून बाकीच्यांची बेरीज ७६. म्हणून ७६ ते १०३ मधले ७७, ८६ आणि ९५ तपासले. ७७ ला शेवटी २४४, बेरीज ८६, नाही. ९५ ला २२६, बेरीज ८६, नाही. ८६ ला २३५, बेरीज ८६. जनक १२३४५६७९००९८७६५४२३५. ही पण स्वयंभू नाही."

कार्डशीट मेनरोडवरून आणली आहे. मधोमध रकान्यांचं चित्र, खाली स्थानांची नावं, डावीकडे डेम्लो आणि हर्षद, उजवीकडे जनक. एक्सेलची छापील प्रत कोपऱ्यात. १९ ते ५७७ चे भागाकार तो वहीत करतो आहे, १९९ पर्यंत आला आहे.